विंडोज उघडत नाही, फायली आत अडकल्यात: फॉरमॅट मारण्याआधी हे करा

बटण दाबलं की कंपनीचा लोगो येतो, खाली ठिपके गोल फिरतात, ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ असं दिसतं, स्क्रीन काळी होते आणि परत लोगो. या चक्रात अडकलेला लॅपटॉप दुकानात नेला की काउंटरवरून हमखास ऐकू येतं, “फॉरमॅट मारावं लागेल.” डेटा हवाय का, हे विचारलं तर नशीब. बरेच जण विचारत नाहीत, कारण नवी विंडोज टाकणं तासाभराचं काम आणि फायली काढणं अर्ध्या दिवसाचं.

विंडोज बसणं आणि फायली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीन सुरू करणारा भाग डिस्कवरच्या एका लहानशा वेगळ्या पार्टिशनमध्ये (कप्प्यात) असतो, सिस्टीम ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरमध्ये आणि तुमचे फोटो, बिलं, प्रबंध ‘युजर्स’ फोल्डरमध्ये. अर्धवट झालेला अपडेट, चुकीचा ड्रायव्हर, ऐन अपडेटच्या वेळी गेलेली वीज यांचा मार बहुतेक वेळा पहिल्या दोघांवर पडतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. त्या मशीनमधल्या फायलींना धक्काही लागला नव्हता, फक्त विंडोज त्यांच्यापर्यंत पोचू देत नव्हती.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी फायली बाहेर, मग दुरुस्ती. विंडोजची आपोआप दुरुस्ती, म्हणजे स्टार्टअप रिपेअर, एकदा चालवून बघायला हरकत नाही. पण ‘रिसेट धिस पीसी’, चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारी कमांड) आणि नवीन विंडोज या तिन्ही गोष्टी फायलींची प्रत हातात आल्यावरच. रिसेटमध्ये ‘कीप माय फाइल्स’ असा पर्याय असतो हे खरं, पण ज्या विंडोजला स्वतःला उभं राहता येत नाही तिच्या भरवशावर माझ्या फायली मी तरी सोडणार नाही.

डिस्क जिवंत आहे का?

कान लावा. जुन्या फिरत्या हार्डडिस्कमधून टक-टक असा ठराविक आवाज येत असेल तर मशीन ताबडतोब बंद करा आणि खाली लिहिलेलं काहीही करू नका. तो आतल्या हेडचा बिघाड असतो आणि दर वेळी चालू करताना प्लेटवर आणखी ओरखडे पडू शकतात. तिथून पुढचं काम डेटा रिकव्हरी लॅबचं, ज्यांच्याकडे धूळमुक्त खोली आहे त्यांचं. गल्लीतल्या दुकानात डिस्क उघडून बघतो म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा.

आवाज नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जा (मशीन सुरू करताना बहुतेक लॅपटॉपवर एफ २, एचपीवर एफ १०) आणि डिस्कचं नाव दिसतंय का बघा. दिसत असेल तर आशा भरपूर. दिसत नसेल तर डेस्कटॉपमध्ये आधी साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) काढून घट्ट बसवा. लॅपटॉप पडला असेल तर डिस्कचा कनेक्टर सैल झालेला असू शकतो. एसएसडीचं (न फिरणाऱ्या नव्या डिस्कचं) एक वाईट आहे, ती बऱ्याचदा आवाज न करता, सूचना न देता बायोसमधून एकदम गायब होते.

कुलूप आहे का?

हा भाग पूर्वी लागायचा नाही, आता बहुतेकांना लागतो. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ लॅपटॉपवर विंडोज आपणहून डिस्क एन्क्रिप्ट करते, म्हणजे कुलूपबंद करते. प्रो आवृत्तीत त्याला बिटलॉकर म्हणतात, होममध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की हे बहुतेक मशीनवर न विचारता सुरू होतं. मालकाला पत्ताही नसतो, आणि मग एक दिवस निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते.

ही की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनच्या ब्राउझरवरून खात्यात लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये जा, तिथे मशीनच्या नावापुढे रिकव्हरी कीची माहिती सापडते. एकाहून जास्त की दिसल्या तर स्क्रीनवर दाखवलेल्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटी विभागाकडे.

घोळ कुठे होतो? लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने ‘सेटअप करून’ दिलेला असतो, त्याने भलत्याच ईमेलने खातं उघडलेलं असतं आणि की त्या खात्यात. म्हणून आधी घरातल्या सगळ्यांच्या ईमेलने लॉगिन करून बघा, मग दुकानदाराला फोन करा, मग जुनी बिलं आणि कागद चाळा, कारण काही लोक की प्रिंट करून ठेवतात. की मिळालीच नाही तर त्या डिस्कवरच्या फायली कुणीही काढू शकत नाही. चार हजारात बिटलॉकर तोडून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

की हातात असेल किंवा डिस्क एन्क्रिप्टेड नसेल तर पुढे.

पहिला मार्ग: नोटपॅडची खिडकी

यासाठी वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही आणि पेचकसही लागत नाही. हवी ती पुरेशी मोठी एक्सटर्नल डिस्क किंवा पेनड्राइव्ह.

लोगो दिसत असतानाच पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. काळी खिडकी उघडली की इंग्रजीत ‘नोटपॅड’ टाइप करून एंटर मारा. होय, साधं नोटपॅड. त्याच्या फाइल मेनूतून ओपन निवडलं की जी खिडकी उघडते ती खरं तर छोटा फाइल एक्सप्लोररच असतो, आणि आपल्याला तोच हवा आहे.

खाली उजवीकडे ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ लिहिलेलं असेल ते बदलून ‘ऑल फाइल्स’ करा, नाहीतर फोल्डर रिकामे दिसतील आणि छातीत धस्स होईल. मग डावीकडून ‘धिस पीसी’. इथे ड्राइव्हची अक्षरं नेहमीसारखी असतीलच असं नाही. तुमचा सी ड्राइव्ह डी किंवा ई म्हणून दिसू शकतो, आणि एक्स नावाचा जो ड्राइव्ह दिसतो ती दुरुस्तीची तात्पुरती जागा असते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. एकेक ड्राइव्ह उघडून ‘युजर्स’ फोल्डर कुठे आहे ते शोधा, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर असेल. हवा तो फोल्डर निवडून राइट क्लिक, कॉपी. मग एक्सटर्नल डिस्कवर जाऊन राइट क्लिक, पेस्ट.

आता सगळ्यात महत्त्वाचं: काहीच होताना दिसणार नाही. हिरवी पट्टी नाही, टक्केवारी नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटेल. ती गोठलेली नसते, कॉपी चालू असते. एक्सटर्नल डिस्कचा दिवा लुकलुकतोय का बघा आणि चहा घेऊन या. सगळं एकदम उचलू नका. आधी डॉक्युमेंट्स, मग डेस्कटॉप, मग फोटो, असे तुकडे करा.

फायली खूप असतील तर नोटपॅडपेक्षा त्याच काळ्या खिडकीत रोबोकॉपी ही विंडोजची कॉपीची कमांड बरी. आधी स्रोताचा पत्ता, मग ठिकाणाचा, मग स्लॅश ई, म्हणजे आतले सगळे फोल्डरही येतात. सोबत स्लॅश एक्सजे द्याच, कारण युजर फोल्डरमध्ये जुन्या विंडोजसाठी ठेवलेले दुवे असतात आणि त्यांच्यामागे लागून कॉपी त्याच फोल्डरमध्ये फेऱ्या मारत बसते. पुन्हा प्रयत्न करण्याची संख्या आणि थांबण्याचा वेळ, म्हणजे स्लॅश आर आणि स्लॅश डब्ल्यू, दोन्ही एकवर आणा. मूळ सेटिंग एका फायलीसाठी दहा लाख प्रयत्न आणि प्रत्येकामध्ये ३० सेकंद असं आहे, एकच खराब फाइल अडकली तर रोबोकॉपी निवृत्तीपर्यंत तिथेच बसेल.

निळा पडदाच येत नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने आठ जीबीचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा आणि ‘इन्स्टॉल’ न निवडता ‘रिपेअर’ निवडा. कमांड प्रॉम्प्ट तिथेही मिळतो.

एक गोम इथे आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हकडे तिचा ड्रायव्हर नसतो. त्यामुळे यादीत डिस्क दिसतच नाही आणि निदान होतं, “हार्डडिस्क उडाली.” बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसत असेल तर ती उडालेली नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि ‘लोड ड्रायव्हर’ने द्या, किंवा बायोसमध्ये व्हीएमडी तात्पुरतं बंद करा. बंद केलंत तर काम झाल्यावर परत चालू करायला विसरू नका. आणि एन्क्रिप्टेड मशीनवर हा बदल करण्याआधी की हातात असू द्या.

दुसरा मार्ग: लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह

मला स्वतःला हा जास्त आवडतो, कारण कॉपी होताना दिसते आणि फोटो उघडून तपासताही येतात. लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम. तिच्या मिंट किंवा उबंटू या आवृत्तीची फाइल उतरवा, रुफस किंवा बलेना एचर या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा. त्यावर जे असेल ते पुसलं जातं, तेव्हा लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह घेऊ नका. मग मशीन सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. उबंटूने विचारलं तर ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नव्हे. मिंट थेट डेस्कटॉपवरच नेतं. तिथे इन्स्टॉलचं आयकॉन असतं, त्याला हात लावायचा नाही.

फाइल मॅनेजरमध्ये डावीकडे विंडोजचा ड्राइव्ह दिसेल. एन्क्रिप्टेड असेल तर क्लिक केल्यावर पासवर्ड विचारला जातो, तिथे ४८ अंकी की मधल्या आडव्या रेघांसकट टाका.

कधी कधी लिनक्स ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं, कधी उघडायलाच नकार देतं. कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. त्यात ‘शटडाउन’ म्हणजे पूर्ण बंद नसतं, सिस्टीम अर्धवट झोपलेली असते आणि ड्राइव्हवर तशी खूण राहते. फक्त वाचण्यापुरता उघडला तर उत्तमच, आपल्याला त्यावर काही लिहायचंच नाही. नकार दिला तर इंटरनेटवर पहिलाच सल्ला एनटीएफएस-फिक्स ही दुरुस्तीची कमांड चालवण्याचा मिळतो. तो लगेच पाळू नका, ते डिस्कवर लिहितं. टर्मिनलमधून (लिनक्सच्या कमांड खिडकीतून) ड्राइव्ह रीड-ओन्ली माउंट करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरता जोडा, आणि कॉपी घ्या.

लाइव्ह लिनक्समध्ये ‘डिस्क्स’ नावाचं साधन असेल तर तिथे डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दिसतो. रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग (खराब झालेल्या किंवा संशयित) सेक्टरचे आकडे शून्यापेक्षा जास्त आणि वाढते असतील तर दोष विंडोजचा नाही, डिस्कच चाललीय. अशा वेळी एकेक फोल्डर कॉपी करत बसू नका. डीडीरेस्क्यू हे लिनक्सचं साधन वापरून आधी अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या. ते चांगला भाग आधी वाचून घेतं, खराब तुकडे शेवटी खरवडतं आणि मॅप फाइल (प्रगतीची नोंद) दिली असेल तर मध्येच वीज गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करतं. मग फायली नकलेतून शोधा. चेकडिस्क अशा डिस्कवर चालवणं म्हणजे फायलींच्या जिवावर फाइल सिस्टीम नीट करणं.

तिसरा मार्ग: डिस्क काढून दुसरीकडे

मदरबोर्ड गेला असेल तर हाच मार्ग. अडीच इंची डिस्कसाठी यूएसबी-साटा केबल पुरते, एम डॉट टू एसएसडीसाठी एन्क्लोजर (यूएसबीला लावायची डबी) लागतं. ते घेताना एसएसडी एनव्हीएमई आहे की साटा हे बघून घ्या, दोन्ही दिसायला सारख्या असतात आणि प्रत्येक एन्क्लोजर दोन्ही चालवत नाही. डिस्क जोडल्यावर ‘तुम्हाला परवानगी नाही’ असा इशारा आला तर ‘कंटिन्यू’ दाबा आणि थांबा. विंडोज सगळ्या फायलींची परवानगी बदलत असते, त्याला वेळ लागतो. आणि ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं तर उत्तर कॅन्सल.

स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी स्टोरेज बोर्डावरच चिकटवलेलं असतं, तिथे हा मार्ग बंद.

काय काय उचलायचं

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे कुणीही सांगेल. नंतर रडवणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच असतात.

टॅली. तिचा डेटा तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये सहसा नसतो. टॅलीप्राइमचा बहुधा ‘युजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये, जुन्या ईआरपी ९ चा कधी तिथे, कधी थेट सी ड्राइव्हवर टॅलीच्याच फोल्डरमध्ये. आत ‘डेटा’ आणि त्यात १०००० किंवा १००००० असल्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर. प्रत्येक आकडा म्हणजे एक कंपनी. नाव बघून कचरा वाटतो आणि नेमका तोच मागे राहतो. आकड्यांचे सगळे फोल्डर जसेच्या तसे उचला.

फॉन्ट. डीटीपीवाले, छापखानेवाले, जुने टंकलेखक, शाळांची आणि ग्रामपंचायतींची कार्यालयं, तुमच्यासाठी हे खास. युनिकोडच्या (आताच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या) आधीची मराठी कागदपत्रं श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी, किरण अशा फॉन्टमध्ये आहेत. त्या फायलींत मुळात रोमन अक्षरंच साठवलेली असतात, देवनागरी दिसते ती फॉन्टमुळे. नवीन विंडोजवर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते आणि लोक म्हणतात फाइल करप्ट झाली. करप्ट काही झालेलं नसतं, फॉन्ट नाही एवढंच. ‘विंडोज’ फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर कॉपी करा. एकाच नावाच्या फॉन्टच्या आवृत्त्यांमध्ये अक्षरांची जागा वेगळी असू शकते, तेव्हा नेटवरून नवा उतरवण्यापेक्षा आपला जुनाच बरा. श्रीलिपीसारख्या विकतच्या पॅकेजचा डाँगल (कॉम्प्युटरला लावायचं परवान्याचं उपकरण) आणि सीडी कुठे आहे तेही आत्ताच शोधून ठेवा.

आउटलुकच्या पीएसटी (मेल साठवलेल्या) फायली डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये असतात. क्रोमचे बुकमार्क लपवलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमधून घेता येतात. सेव्ह केलेले पासवर्ड मात्र नुसती फाइल उचलून येत नाहीत, ते त्या विंडोज खात्याशी बांधलेले असतात. गुगल खात्याशी सिंक असतील तरच परत दिसतील.

वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ‘वनड्राइव्ह’ नावाच्या फोल्डरच्या आत सरकलेले असतात. मूळ जागी फोल्डर रिकामा दिसला तर तिथे बघा. त्यातल्या काही फायली नुसत्या नावापुरत्या असतात, खरी फाइल क्लाउडवर. अशी फाइल कॉपी होत नाही म्हणून घाबरू नका, वेबसाइटवर लॉगिन करून उतरवा. मोफत जागा पाच जीबीच असते आणि ती भरली की सिंक थांबतं. बराच काळ ‘जागा संपली’चा इशारा येत असेल तर त्यानंतरच्या फायली फक्त डिस्कवर आहेत असं धरून चाला.

पेनड्राइव्हवर चार जीबीहून मोठी फाइल जात नसेल तर तो एफएटी ३२ मध्ये आहे. दुसऱ्या मशीनवर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. कॉपी झाल्यावर ती डिस्क किंवा पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून प्रत्येक फोल्डरमधल्या चार-दोन फायली उघडून बघा, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत जुन्या आधी. नुसती फायलींची संख्या जुळली म्हणजे त्या उघडतात असं नाही.

आधीच फॉरमॅट झालंय?

विंडोज त्याच पार्टिशनवर, फॉरमॅट न करता टाकली असेल तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर असेल आणि त्यात जुना ‘युजर्स’ सुखरूप. लगेच बाहेर काढा. साधारण दहा दिवसांनी विंडोज तो आपणहून साफ करते, आणि डिस्क क्लीनअप चालवणारा उत्साही माणूस त्याआधीच.

पार्टिशन खरंच फॉरमॅट झालं असेल तर मशीन वापरणं थांबवा. फिरत्या हार्डडिस्कवर फोटोरेक किंवा टेस्टडिस्क या प्रोग्रॅमने बरंच परत मिळू शकतं, मात्र फोटोरेकमध्ये फायलींची नावं जातात. एसएसडीवर ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेली जागा लवकरच आतून रिकामी होते, तिथे फार आशा ठेवू नका.

पुन्हा पुन्हा हेच का होतं

दर दोन-चार महिन्यांनी विंडोज बसत असेल तर विंडोजला शिव्या देण्याआधी स्मार्ट अहवाल बघा, नंतर सी ड्राइव्हवर किती जागा उरलीय ते. काठोकाठ भरलेल्या ड्राइव्हवर अपडेट अर्धवट अडकतात. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा जात असेल तर कारण शोधायला फार लांब जायला नको. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्याने टाकायचीच असेल तर परत तीच टाकून घेऊ नका.

आणि ‘माझं सगळं डी ड्राइव्हला असतं, मला काय भीती’ या समजुतीबद्दल. दुकानदार एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतात. विंडोज बसली तर डी वाचतो, तेवढा फायदा खरा. पण डिस्क गेली तर ते एकाच तिजोरीतले कप्पे आहेत. शिवाय डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी वरच असतं, आणि लोक ठेवतात डेस्कटॉपवरच.

मशीन दुकानात द्यायचंच असेल तर फायली काढून झाल्यावर द्या. काढता आल्या नसतील तर शक्य असेल तिथे डिस्क काढून घरी ठेवा आणि मशीन तसंच द्या. तेही जमत नसेल तर जॉब शीटवर ‘फॉरमॅट करू नये, आधी डेटा’ असं लिहून घ्या आणि सही घ्या. तोंडी सांगितलेलं काउंटरवरच्या मुलाला आठवतं, आतल्या टेबलावरच्या माणसापर्यंत ते पोचतंच असं नाही.